घराचा प्लॅन दाखवायचा कुणाला आणि विचारायचं काय

आमच्या घराचा पहिला प्लॅन मी अकरा जणांना दाखवला. त्यातल्या निम्म्यांनी कागद उलटा धरला. चूक त्यांची नव्हती, त्यावर उत्तरेचा बाणच नव्हता. मी "कसा वाटतो?" असं विचारत होते आणि "छान आहे", "हवेशीर होईल", "हॉल जरा मोठा हवा होता" अशी उत्तरं गोळा करत होते. बाराव्या आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी. त्यांना तर मी दाखवलाही नव्हता. टेबल पुसायला कागद उचलला आणि त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, ह्यात फरशी पुसलेलं पाणी टाकायचं कुठं?" प्लॅनमध्ये तीन टॉयलेट होती. मोरी एकही नव्हती.

त्या दिवसानंतर मी "कसा वाटतो" विचारणं बंद केलं.

साताऱ्याच्या बाहेर आमचा ३० बाय ५० फुटांचा प्लॉट, पूर्वेला रस्ता. सामासिक अंतरं, म्हणजे प्लॉटच्या कडांना नियमाने मोकळी ठेवायची जागा, सोडल्यावर बांधायला २० बाय ३५चा पट्टा हाती आला आणि त्यावर दोन मजले उभे राहिले. मी इंजिनिअर नाही, बँकेत नोकरी करते. पण आमचं घर झाल्यावर नात्यातले आणि ऑफिसातले सहा-सात प्लॅन टेप हातात घेऊन पाहिले, आणि विचारायची एक पद्धत जमत गेली. ती पहिल्यांदाच घर बांधणाऱ्यांसाठी लिहितेय. बंगला, रो-हाउस, गावाकडचं घर यांना ती लागू पडेल. फ्लॅटला फारशी नाही, तिथल्या भिंती दुसऱ्या कुणीतरी आधीच ठरवलेल्या असतात.

१. आधी कागद दाखवण्याजोगा करा

आर्किटेक्टकडून व्हॉट्सॲपवर येणारी पहिली पीडीएफ ही त्याची कच्ची टिपणं असतात. ती तशीच घरच्या ग्रुपवर ढकलू नका. मोबाईलवर दोन बोटांनी मोठा करून पाहिला की प्लॅन तुकड्या-तुकड्यांनी दिसतो. खोल्या दिसतात, एका खोलीतून दुसरीत कसं जायचं ते दिसत नाही. कागदावर छापून घ्या, आणि मापात छापा. १:५० या प्रमाणात आमचा अख्खा प्लॉट ए-थ्री कागदावर बसला. झेरॉक्सवाला सवयीने ‘फिट टू पेज’ करतो आणि प्रमाण बिघडतं. ते पकडायला पट्टी पुरते: या प्रमाणात तीन फुटी दार अठरा मिलिमीटरच्या जरासं वर भरायला हवं.

कागदावर घराबरोबर अख्खा प्लॉट हवा. उत्तरेचा बाण, रस्ता, शेजाऱ्यांच्या खिडक्या कुठे उघडतात, बोअर, झाड, विजेचा खांब, जमिनीचा उतार कुठून कुठे, हे सगळं पेन्सिलीने तुम्हीही टिपू शकता. प्रत्येक दार कोणत्या बाजूला उघडतं ते पाव वर्तुळाने दाखवलेलं असलं पाहिजे. आमच्या पहिल्या प्लॅनमध्ये ही वर्तुळं नव्हती. ती काढून घेतली तेव्हा बेडरूमचं दार आणि बाथरूमचं दार एकमेकांवर आपटतात हे कळलं.

प्लॅनमध्ये छापून येणाऱ्या फर्निचरवर भरवसा ठेवू नका. कॉम्प्युटरमधला पलंग गरजेप्रमाणे लहान होतो, तुमचा होत नाही. घरातलं सामान टेपने मोजा आणि त्याच प्रमाणात जाड कागदाचे तुकडे कापा. सहा बाय साडेसहा फुटी पलंग १:५० ला ३.७ बाय ४ सेंटिमीटरचा होतो, दोन फूट खोलीचं कपाट १.२ सेंटिमीटरचं. फ्रिज, वॉशिंग मशीन, शिलाई मशीन, धान्याच्या कोठ्या, सासूबाईंची शिसवी पेटी, सगळं कापा. लहान मुलांना हे काम फार आवडतं, आणि मोठ्यांचे निम्मे वाद या तुकड्यांनीच मिटतात.

शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: खोलीचं माप आतून आतपर्यंत आहे की भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत, हे विचारा. १० फुटी खोली मध्यापासून मोजलेली असेल तर एका बाजूची ९ इंची आणि दुसरीकडची प्लास्टर धरून सहाएक इंची भिंत, दोन्हींची अर्धी अर्धी जाडी त्यातून जाते. हाती राहतात ९ फूट साडेचार इंच. त्यात साडेसहा फूट लांब पलंग आणि समोर दोन फुटी कपाट ठेवलं की मधे दीड फूट नव्हे, साडेदहा इंच उरतात. कपाटाचं दार उघडायला माणसाला पलंगावर चढावं लागेल.

"पण माप नियमात बसतंय ना?" असं उत्तर मिळालं तर गप्प बसू नका. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीसाठी साधारण ९.५ चौरस मीटर, म्हणजे १०२ चौरस फूट, आणि स्वयंपाकघरासाठी ५ चौरस मीटर असं किमान माप आहे. याहून कमी नको, एवढाच त्याचा अर्थ. पाच चौरस मीटरमध्ये दिवाळीचा फराळ करणाऱ्या दोघी जणी मावतात का, हे संहिता सांगत नाही.

२. एक पान घरातल्या माणसांचं

प्लॅनबरोबर हे पान दिलं नाही, तर बघणारा मनातल्या मनात स्वतःचं घर बांधतो. माझ्या मामेभावाने आमच्या प्लॅनमध्ये बार काउंटर सुचवला होता, कारण त्याला स्वतःला हवा होता. पानावर लिहा: घरात कोण कोण, वयं काय, कुणाचे गुडघे दुखतात, कोण रात्रपाळी करतं, किती गाड्या, पाहुणे वर्षातून किती वेळा मुक्कामाला येतात, सण कोणता मोठा, पुढच्या दहा वर्षांत काय बदलणार. बजेटचा आकडाही लिहा. तो लपवला की लोक दोन मजल्यांचे चार करतात.

आमच्या पानावरची सासूबाईंची ओळ होती: "गौरी बसायला जागा." प्लॅनमध्ये हॉलच्या प्रत्येक भिंतीला एक तरी दार होतं. गौरी-गणपतीची आरास तीन दिवस राहते, तिच्यासमोरून लोक ये-जा करत राहिले तर जेवणाची पंगत कुठे मांडायची? एक दार दोन फूट सरकवलं आणि नऊ फूट सलग भिंत मिळाली.

३. पेन्सिलीने एक दिवस जगून पाहा

दुसऱ्या कुणाला दाखवण्याआधी हे घरातल्यांनी करायचं. घरातल्या प्रत्येक माणसाने वेगळ्या रंगाची पेन्सिल घ्यायची आणि सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत आपण कुठून कुठे जातो याची रेघ ओढायची. दूध घ्यायला दारापर्यंत. आंघोळीला. डबा भरायला. भाजीची पिशवी स्कूटरवरून उतरवून ओट्यापर्यंत. मशीनमधले ओले कपडे दोरीपर्यंत. कचऱ्याचा डबा फाटकापर्यंत. म्हाताऱ्या माणसाने रात्री दोन वाजता पलंगापासून संडासापर्यंत.

मग कागदाकडे पाहा. जिथे रेघांचा गुंता झालाय तिथे घरात रोज कुणीतरी कुणालातरी "जरा सरक" म्हणणार. आमच्याकडे ओले कपडे स्वयंपाकघरातून, डायनिंगमधून, हॉलमधून फिरून पुढच्या बाल्कनीत जात होते. मशीन मागच्या ड्राय बाल्कनीत हलवलं आणि तिथूनच बाहेर दोरी बांधली, प्रश्न संपला. कागदावर हे खोडरबराचं काम होतं.

दिवस झाला की चार वेगळे दिवस जगून पाहा. पाऊस पडतोय आणि पाच जण ओल्या छत्र्या-रेनकोट घेऊन आलेत. कुणीतरी आंघोळीला गेलंय आणि बाहेर अनोळखी पाहुणे बसलेत: टॉवेल गुंडाळलेला माणूस कुठून बाहेर येणार? हळदीचा दिवस आहे. आणि चौथा, जो कुणी बोलत नाही: घरात कुणी आजारी पडलं आणि स्ट्रेचर वरच्या मजल्यावरून खाली आणायचंय.

४. जिन्याचं गणित स्वतः करा

मी पाहिलेल्या सहा-सात प्लॅनपैकी चारात जिना चुकला होता. म्हणून इथे जरा थांबते.

कच्च्या प्लॅनमध्ये जिना म्हणजे काही आडव्या रेघा. त्या मोजायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. समजा मजल्याची उंची फरशी ते फरशी १० फूट, म्हणजे १२० इंच. पायरीची उंची साडेसहा-पावणेसात इंच ठेवायची तर १८ चढ लागतात. मधे वळणारा जिना असेल तर ९ आणि ९. नऊ चढांना आडव्या पायऱ्या आठ, कारण नववं पाऊल थेट चौकावर, म्हणजे वळणावरच्या सपाट जागेवर पडतं. पायरी १० इंच रुंद धरली तर आठांचे ८० इंच, म्हणजे ६ फूट ८ इंच. त्यात तीन फुटांचा चौक मिळवा: ९ फूट ८ इंच. रुंदीत तीन-तीन फुटांच्या दोन ओळी आणि मधे थोडी फट, म्हणजे सव्वासहा फूट. शिवाय खाली पहिल्या पायरीपुढे उभं राहायला जागा.

आमच्या प्लॅनमध्ये जिन्याची खोली होती ६ बाय ८. आठ फुटांतून चौकाचे तीन गेले, उरले पाच. त्यात १० इंची पायऱ्या सहाच बसतात, म्हणजे एका ओळीत सात चढ, दोन्हींत चौदा. १२० भागिले १४: प्रत्येक पायरी साडेआठ इंचांपेक्षा उंच. संहितेची राहत्या घरांसाठीची मर्यादा १९० मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंच आहे. साडेआठ इंची जिना चढून बघायचा असेल तर एखाद्या जुन्या वाड्याच्या माडीवर जा, आणि उतरताना दोर धरा.

हे मी आर्किटेक्टला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "ते वर्किंग ड्रॉइंगमध्ये, म्हणजे बांधकामासाठीच्या पक्क्या नकाशात, ॲडजस्ट होतं." होतं, पण दीड-पावणेदोन फूट कुठून तरी यावे लागतात, आणि ते शेजारच्या खोलीतून येतात. तेव्हा तिथलं तुमचं कपाट उडालेलं असतं. म्हणून जिना आधी.

चौकाखाली टॉयलेट किंवा स्टोअर काढला असेल तर तिथे डोकं लागतं का तेही याच हिशेबात दिसतं. नऊ चढ गुणिले पावणेसात इंच म्हणजे चौक साधारण पाच फुटांवर येतो. त्याखाली सायकल ठेवता येईल, टॉयलेट नाही.

५. कुणाला काय विचारायचं

प्रत्येकाला सगळा प्लॅन विचारू नका. ज्याचा ज्या जागेशी रोजचा संबंध, त्याला त्याच जागेबद्दल विचारा.

स्वयंपाक करणाऱ्या माणसाला: "कढई उतरवून कुठे ठेवशील? पीठ मळताना फ्रिजचं दार उघडलं तर काय होईल? मिक्सरचा प्लग कुठे?" ओट्याची उंची विचारू नका, मोजा. जी जास्त वेळ उभी राहणार तिच्या कोपरापासून खाली तीन-चार इंच. शेगडी थेट खिडकीसमोर आली तर वाऱ्याने ज्योत हलते, आणि खिडकी बंद करून फोडणी देणं हा रोजचा छळ. ओपन किचनबद्दल आमच्या नात्यात एक प्रसंग झाला. मुलगा न्यू जर्सीत, घर आई-वडिलांसाठी कऱ्हाडजवळच्या गावात. प्लॅन तिकडून मंजूर होऊन आला, सुंदर, हॉल आणि किचन एकसंध. आईला कुणी विचारलं नाही. ती आठवड्याला ठेच्यासाठी मिरच्या भाजते. आता घरामागे पत्र्याखाली चूल आहे आणि आतला ओटा चहापुरता. परगावी राहून गावाकडे घर बांधणाऱ्यांनी आपल्याला काय हवं हे बाजूला ठेवून जे तिथे राहणार त्यांना पेन्सिल द्यावी.

वयस्कर माणसांना प्रश्न विचारून उपयोग नसतो, ते "आमचं काय, भागेल" म्हणतात. त्यांच्याबरोबर चालून पाहा. पलंगापासून संडासापर्यंत किती पावलं, किती वळणं, किती उंबरठे. तळमजल्यावर एक खोली आणि तिला लागून बाथरूम असेल, आणि त्याच्या दाराची रुंदी अडीच ऐवजी तीन फूट ठेवली, तर पुढे कधी चाकाची खुर्ची लागली तरी भिंत फोडावी लागत नाही. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं ठेवा. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्यांच्याच अंगाने अडतं.

झाडू-फरशी करणाऱ्या मावशींना काय विचारायचं ते वर आलंच. आणखी एक: अंगणात नळ कुठे?

प्लंबर. याला लोक स्लॅब टाकून झाल्यावर बोलावतात. प्लॅन कागदावर असतानाच अर्धा तास बोलवा, चहा पाजा. वरचं टॉयलेट खालच्या टॉयलेटवर आहे की बेडरूमच्या डोक्यावर, पाइप जायला डक्ट आहे का आणि त्यात माणूस शिरू शकतो का, हे त्याला एका नजरेत दिसतं. आमच्या प्लंबरने पहिला प्रश्न विचारला, "रस्त्यावरचं सांडपाण्याचं चेंबर किती खोल आहे?" कुणी झाकण उघडून पाहिलंच नव्हतं. आमची टॉयलेट मागे पश्चिमेला आणि चेंबर पुढे पूर्वेला. चाळीस फुटांला एक फूट उतार धरतात, म्हणजे पाइप मागून पुढे येईपर्यंत एक फुटाहून जास्त खाली जातो. चेंबर दोनच फूट खोल निघालं. जोतं, म्हणजे जमिनीपासून तळमजल्याच्या फरशीपर्यंतचा भाग, जितकं धरलं होतं त्यापेक्षा नऊ इंच वर घ्यावं लागलं, आणि जोतं वर गेल्यावर पोर्चचा उतार, पुढच्या पायऱ्या, सगळंच बदललं. हे पावसाळ्यात कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायचे प्रश्न दोनच. खालचा प्रत्येक कॉलम वर सरळ जातो का? आणि खोलीत कॉलमचा किती भाग बाहेर येतो? ९ बाय १५ इंचांचा कॉलम ९ इंची भिंतीत एका दिशेनेच लपतो, दुसऱ्या दिशेने ठेवला तर सहा इंच खोलीत डोकावतो आणि तुमचं मोजून ठेवलेलं कपाट बसत नाही. पहिला प्रश्न मात्र कपाटाचा नाही. आमच्या सासऱ्यांना ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेच्या भूकंपाची पहाट आठवते. आमच्या भागात वरची खोली पुढे काढायची म्हणून खाली आधार नसलेला कॉलम बीमवर उभा करणं, किंवा पार्किंगसाठी खालचा मजला नुसत्या खांबांवर मोकळा ठेवणं, हे "छान दिसेल" एवढ्यावर ठरवायचं नसतं. इंजिनिअर नको म्हणाला तर दुसरा, हो म्हणणारा इंजिनिअर शोधू नका.

ठेकेदाराचं ऐका, पण तो जे सुचवतो त्याने काम कुणाचं सोपं होतं हे बघा. "ही भिंत काढून टाका" यात कधी शहाणपण असतं, कधी नुसत्या विटा वाचतात.

ऊन-पावसाचं शेजारच्यांना विचारा. जुलैत पावसाचा मारा कोणत्या भिंतीवर येतो, रस्त्यावर पाणी किती चढतं, मे महिन्यात कोणती खोली रात्री दहापर्यंत तापलेली असते. प्लॅनवर हे थोडं स्वतःही ताडता येतं. साताऱ्याला मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडे असतो. डिसेंबरात दुपारचं ऊन दक्षिणेकडून, क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवरून, तिरपं आत येतं. म्हणून दक्षिणेची खिडकी थंडीत सुखाची, आणि वर दोन फुटी छज्जा असेल तर उन्हाळ्यात त्रासाची नाही. छळते ती पश्चिम. तिथे जिना, बाथरूम, कपाटं टाका, झोपायची खोली नको. कोकणातल्या वाचकांनी मात्र उन्हाआधी पाऊस मांडावा. तिथली जुनी पडवी शोभेची नव्हती, जांभ्याच्या भिंतीला मार लागू नये म्हणून होती. नव्या प्लॅनमध्ये तीच पहिली कापली जाते.

नुकतंच घर बांधलेल्यांकडे टेप घेऊन जा. "घर कसं झालं?" विचारलंत तर सगळे कौतुक करतील, पैसे गेलेले असतात. "परत बांधलंत तर काय बदलाल?" असं विचारा आणि मग गप्प बसा. पाच मिनिटांत नवरा-बायकोची दोन वेगळी उत्तरं येतात. दोन्ही लिहून घ्या.

वास्तुशास्त्र मानणारं कुणी घरात असेल तर त्यांना सगळ्यात आधी विचारा, शेवटी नाही. माझा स्वतःचा फारसा विश्वास नाही, पण घर माझं एकटीचं नाही. स्वयंपाकघर आग्नेयेला, देवघर ईशान्येला, या अटी पहिल्या बैठकीत आल्या तर आर्किटेक्ट त्यांच्याभोवती प्लॅन बसवतो. सातव्या बैठकीत आल्या तर प्लंबिंगसकट सगळं उलटतं. आणि सल्लागार एकच ठेवा. दोघांना विचारलं तर संडासाला जागाच उरत नाही.

६. फक्की मारून जमिनीवर उतरवा

प्लॅन बराचसा ठरला की, पाया खोदण्याच्या बऱ्याच आधी, प्लॉटवर सुतळी, खुंट्या आणि फक्कीने, म्हणजे आखणीच्या पांढऱ्या भुकटीने, तळमजला खऱ्या मापात आखून घ्या. गवंडी आणि एक मदतनीस अर्ध्या दिवसात करतात.

आधीच सांगते, पाहून धस्स होणार. मोकळ्या आभाळाखाली आखलेली खोली असते त्याहून खूप लहान दिसते. माझा नवरा म्हणाला, "हा हॉल आहे की कबुतरखाना?" म्हणून डोळ्यांवर जाऊ नका, सामान ठेवा. आम्ही टेम्पोतून एक खाट, सहा प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि घडीचं टेबल नेलं. खाट ठेवली, बाजूने चाललो. खुर्च्या मांडून सहा जण जेवायला बसल्यासारखे बसलो आणि मागून एकाला ताट घेऊन जायला लावलं. गाडी पोर्चमध्ये आखलेल्या रेघांत उभी केली आणि दोन्ही बाजूंची दारं उघडली. नियमात मोटारीसाठी २.५ बाय ५ मीटरची जागा धरतात. पण ती मोकळ्या जागेत. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला कॉलम आला की सासूबाईंना उतरता येत नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीजागी उभं राहून समोर काय दिसतं ते पाहा. आम्हाला शेजारच्यांच्या बाथरूमचा झरोका दिसला. खिडकी तीन फूट सरकवली.

७. तक्रार ठेवा, उपाय सोडून द्या

एवढं झाल्यावर वही भरते, आणि त्यातलं अर्धं एकमेकांच्या विरुद्ध असतं. नणंद म्हणाली जेवणाची जागा मोठी करा. भाऊ म्हणाला जेवणाची जागाच काढा, हॉलमध्ये टेबल टाका. सासरे म्हणाले पॅसेज रुंद करा. मी तीन दिवस डोकं धरून बसले. मग लक्षात आलं की तिघंही एकाच जागी अडखळलेत. टेबल जिथे होतं तिथूनच सगळे आत-बाहेर जात होते. तिघांचे उपाय वेगळे, अडचण एक.

तेव्हापासून वहीत दोनच गोष्टी लिहिते: कुठे अडतं आणि कुणाला अडतं. "भिंत काढा" असं कुणी म्हटलं तर "का?" विचारते आणि ‘का’चं उत्तर लिहिते. अडचण माणसं बरोबर सांगतात, कारण ती त्यांना जाणवते. उपाय सुचवताना मात्र त्यांना तीच एक खोली दिसत असते, आणि खालचा पाइप, वरचा बीम, सामासिक अंतरं यांचा हिशेब त्यांच्यापुढे नसतो. तो आर्किटेक्टच्या पुढे असतो, त्याचेच आपण पैसे देतो.

एकाच जागेबद्दल तीन वेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वेळी कुरकुर केली तर ती जागा बदलायची, मग आपल्याला ती कितीही आवडत असो. एकट्याची कुरकुर असेल तर तो माणूस त्या घरात राहणार आहे का ते बघा. नसेल तर चहा पाजून आभार माना.

आवडीनिवडीच्या सूचना, रंग, टाइल, रेलिंग, एका वेगळ्या पानावर लिहून ते पान मिटून ठेवा. आता त्याची वेळ नाही. आता फक्त जे नंतर फोडावं लागेल ते: भिंती, दारं, जिना, पाइप, कॉलम, जोतं.

८. आर्किटेक्टकडे परत जाताना

आर्किटेक्ट आपला माणूस आहे, परीक्षक नाही, आणि नोकरही नाही. रात्री अकरा वाजता "अजून एक" म्हणून मेसेज पाठवत राहिलात तर त्याच्याही हातून चुका होतात. सगळं जमवा, एका कागदावर लिहा, छापील प्लॅनवर आकडे टाकून जागा दाखवा आणि समोर बसा. किती फेऱ्या फीमध्ये धरल्या आहेत ते सुरुवातीलाच विचारा. आमच्या तीन होत्या आणि तीन पुरल्या. तो एखाद्या गोष्टीला नाही म्हणाला तर कारण विचारा. सामासिक अंतर किंवा चटई क्षेत्र (प्लॉटवर एकूण किती बांधता येतं त्याची मर्यादा) हे कारण असेल तर वाद घालू नका. राज्यात बहुतेक ठिकाणी २०२० पासून एकच विकास नियमावली लागू आहे आणि शेजाऱ्याने काय केलंय हा त्यात युक्तिवाद चालत नाही. "असं कुणी करत नाही" हे कारण असेल तर मात्र अजून थोडा वेळ बसा. आणि हो, ज्याची सही नकाशावर येणार तो खरंच नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअर आहे का, हे आधी पाहून घ्या.

हे सगळं मंजुरीला नकाशा जाण्याआधी. मंजुरीनंतर बाहेरच्या रेषा हलवल्या तर सुधारित नकाशा आणि पुन्हा तेच हेलपाटे. भोगवटा प्रमाणपत्राच्या, म्हणजे घर राहायला योग्य असल्याच्या दाखल्याच्या वेळी नकाशा आणि घर शेजारी ठेवून पाहतात, आणि कर्ज घेतलं असेल तर बँकेचा व्हॅल्युअरही मंजूर नकाशा हातात घेऊनच येतो.

प्रत्येक सुधारित प्लॅनवर तारीख आणि क्रमांक टाकून घ्या. आम्ही टाकला नव्हता. पाया खोदला त्या संध्याकाळी मी सहज टेप लावली तर स्वयंपाकघराचा कोपऱ्यातला खड्डा तीन फूट आत. मिस्त्रीच्या खिशात दुसऱ्या फेरीचा कागद होता, आर्किटेक्टच्या हातात तिसऱ्या फेरीचा. काँक्रीट दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होतं. जेसीबी पुन्हा बोलावला, जुना खड्डा भरून दाबला, दिवस आणि पैसे गेले, पण कॉलम जागेवर आला. त्यानंतर साइटवर एकच प्रत राहिली, लॅमिनेट केलेली, सिमेंट ठेवायच्या खोलीच्या दाराला टांगलेली. बाकीच्या सगळ्या मी परत मागून घेतल्या. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मुलीने पुढची दोन वर्षं गणितं सोडवली.